धुरजड की उलाळ? मोटारीमागे कॅरॅव्हॅन ओढताना

जुलैच्या अखेरीस इंग्लंडमधील शाळांना उन्हाळी सुटी लागते आणि बर्मिंगहॅमच्या बाजूने डेव्हनकडे उतरणाऱ्या एम-५ महामार्गावर दरवर्षीचे दृश्य दिसू लागते. घरातली रोजच्या वापराची मोटार, तिच्या मागच्या आसनावर मुले आणि मोटारीच्या पाठीमागे जोडलेले एक पांढरे, चौकोनी, दोन चाकांवरचे घर. त्या घरात पलंग आहे, चूल आहे, फ्रीज आहे, आठवडाभराचा शिधा आहे. चालकाने आठ दिवसांपूर्वीपर्यंत याच मोटारीने मुलांना शाळेत सोडले होते. आज त्याच मोटारीला दीड टनापर्यंतचे ओझे जोडलेले आहे आणि सगळी मिळून लांबी अकरा-बारा मीटरच्या घरात गेली आहे.

एका लांब उतारावर ही मोटार मोठ्या मालट्रकला ओलांडू लागते. ट्रकने बाजूला सारलेल्या हवेचा लोट कॅरॅव्हॅनच्या सपाट भिंतीवर आदळतो, ती किंचित बाहेर ढकलली जाते आणि पुढच्याच क्षणी आत ओढली जाते. बहुतेक वेळा हा हेलकावा दोन-तीन झोक्यांत आपोआप शमतो. मुलांच्या तो लक्षातही येत नाही. पण काही वेळा तो शमत नाही. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो, कॅरॅव्हॅन मोटारीची मागची बाजू डावी-उजवीकडे खेचू लागते आणि काही सेकंदांत दोन्ही वाहने आडवी होतात.

या दोन मोटारींमध्ये फरक कशाचा? चालकाच्या कौशल्याचा, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तो फरक बहुतांशी घराच्या दारात, सामान भरताना पडलेला असतो. कोणत्या मोटारीला कोणती कॅरॅव्हॅन जोडली, तिच्यात किती वजन भरले आणि मुख्य म्हणजे ते वजन कुठे ठेवले, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

घोड्यापासून मोटारीपर्यंत

हौसेसाठी चाकांवरचे घर घेऊन फिरण्याची ब्रिटिशांची आवड जुनी आहे. नौदलात डॉक्टर म्हणून काम केलेले लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘द वाँडरर’ नावाची खास सहलीसाठी गाडी ब्रिस्टलमध्ये बांधून घेतली. ती घोडे ओढीत. अशा हौशी मंडळींचा कॅरॅव्हॅन क्लब १९०७ मध्ये स्थापन झाला. पहिल्या महायुद्धानंतर घोड्याची जागा मोटारीने घेतली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

घोडा चालत असे तोवर वेगाचा प्रश्न नव्हता. मोटारीने तो आणला. आज इंग्लंडमध्ये कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला वस्तीच्या भागात ताशी ३० मैल, साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मैल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर किंवा मोटरवेवर ६० मैल अशी कमाल मर्यादा आहे. ६० मैल म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर. तीन किंवा अधिक मार्गिका असलेल्या मोटरवेवर सर्वांत उजवीकडची मार्गिका अशा वाहनांना सर्वसाधारणपणे वर्ज्य आहे.

परवान्याचा नियमही बदलला आहे. १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना मोठी कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी पूर्वी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट काढून टाकण्यात आली आणि साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा मिळाली. त्यामुळे पूर्वी परीक्षेच्या निमित्ताने का होईना, जे शिकले जाई ते आता ज्याचे त्याला शिकावे लागते. कॅरॅव्हॅनधारकांचे क्लब त्यासाठी एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण वर्ग चालवितात.

हेलकावा का वाढतो?

मोटारीच्या मागे ५० मिलिमीटर व्यासाचा एक पोलादी गोळा बसविलेला असतो. कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांडीची पकड त्याच्यावर बसते. ही जोडणी सर्व बाजूंनी फिरू शकते. फिरली नाही तर वळणच घेता येणार नाही. पण याच कारणाने कॅरॅव्हॅन त्या गोळ्याभोवती आडव्या लंबकासारखी झुलूही शकते.

आडवा वारा, शेजारून जाणारा ट्रक, रस्त्यातील चाकोरी किंवा चाकाला दिलेला झटका यांपैकी कशानेही हा लंबक हलतो. त्याला जागेवर आणण्याचे काम कॅरॅव्हॅनचे टायर करतात. कमी वेगात हे काम चांगले होते. वेग वाढत जातो तसा हेलकावा शमण्याचा गुण कमी होत जातो आणि एका विशिष्ट वेगाला तो संपतो. त्या वेगाच्या पलीकडे लहानसा धक्काही वाढतच जाणारा हेलकावा निर्माण करतो. इंग्रजीत त्याला ‘स्नेकिंग’ म्हणतात. सर्पाच्या नागमोडी चालीवरून पडलेले हे नाव अगदी चपखल आहे.

हा धोक्याचा वेग प्रत्येक जोडीचा वेगळा असतो. नीट भरलेल्या आणि योग्य मोटारीला जोडलेल्या कॅरॅव्हॅनचा तो कायदेशीर मर्यादेच्या पुष्कळ वर असतो; चुकीच्या भरलेल्या कॅरॅव्हॅनचा मर्यादेच्या खालीही येऊ शकतो. चालकाला त्याचा आकडा कोठेही दिसत नाही. सपाट रस्त्यावर तासभर सुरळीत चाललेली गाडी उतारावर वेग पाच मैलांनी वाढताच अकस्मात झुलू लागते, ती यामुळे.

इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील संशोधकांनी या प्रश्नाचा प्रत्यक्ष रस्त्यावर अभ्यास केला. वजन, वजनाची मांडणी आणि आसाची जागा बदलता येईल असा खास ट्रेलर त्यासाठी वापरण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसून आले, की ट्रेलरच्या निव्वळ वजनापेक्षा ते वजन कसे विभागलेले आहे याचा स्थैर्यावर कितीतरी अधिक परिणाम होतो.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला ती पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. ओझे पुढे जास्त झाले की जू बैलांच्या मानेवर दाबते, म्हणजे गाडी ‘धुरजड’ होते. ओझे मागे जास्त झाले की जू वर उचलले जाते, म्हणजे गाडी ‘उलाळ’ होते. कॅरॅव्हॅनच्या बाबतीत नियम असा, की ती बेताची धुरजड असावी; उलाळ कधीही नसावी.

वजनांची बेरीज

पहिला प्रश्न मोटार आणि कॅरॅव्हॅन यांच्या जोडीचा. ब्रिटनमधील कॅरॅव्हॅन क्लब आणि उत्पादकांची संघटना नवख्या चालकांना एक सोपा दंडक सांगतात. भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे. अनुभवी चालकाने हे प्रमाण वाढविले तरी १०० टक्के कधीही ओलांडू नये. हा कायदा नव्हे, शहाणपणाचा सल्ला आहे. कारण सरळ आहे. हेलकाव्याच्या वेळी जड मोटार हलक्या कॅरॅव्हॅनला आवरते. उलट परिस्थितीत कॅरॅव्हॅन मोटारीला फरफटवते.

कायदा मात्र उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादा पाहतो. त्या मोटारीच्या वाहनपट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या असतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, मोटारीचे स्वतःचे वजन १,६०० किलो आहे, ती पूर्ण भरल्यावर कमाल २,१०० किलो होऊ शकते, ती जास्तीत जास्त १,५०० किलो ओढू शकते आणि मोटार व कॅरॅव्हॅन मिळून एकूण वजनाची मर्यादा ३,३०० किलो आहे. कॅरॅव्हॅन रिकामी १,१५० किलोची आणि भरल्यावर कमाल १,३०० किलोची आहे.

१,३०० किलो ही कॅरॅव्हॅन १,५०० किलोच्या मर्यादेत बसते. मोटारीच्या वजनाशी तिचे प्रमाण ८१ टक्के येते, तेही ठीक. पण दोन्ही वाहने काठोकाठ भरली तर बेरीज ३,४०० किलो होते, म्हणजे एकत्रित मर्यादेपेक्षा १०० किलो जास्त. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर नियमात आणि बेरीज मात्र नियमाबाहेर, अशी ही फसगत असते. ती टाळण्यासाठी मोटारीतील सामानच कमी करावे लागते.

दुसरी फसगत कॅरॅव्हॅनच्या आत होते. वरच्या उदाहरणात सामानासाठी १५० किलो उरतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण दाराबाहेर लावायचा मांडव त्याच्या खांबांसह सुमारे २५ किलो भरतो, मोठी बॅटरी सुमारे २० किलो, तर कॅरॅव्हॅन जागेवर हलविण्यासाठी बसविलेले विजेचे यंत्र ३० किलोंच्या आसपास. यांतील बॅटरी किंवा यंत्र रिकाम्या वजनात धरलेले नसेल, तर कपड्याचा एक जोडही न ठेवता निम्मी मुभा संपते. मग भांडीकुंडी, डबाबंद अन्न, खुर्च्या, मुलांच्या सायकली. पाण्याच्या टाकीत ४० लिटर पाणी असेल तर ते ४० किलो असते, हेही विसरले जाते. म्हणून पहिल्या सहलीपूर्वी पूर्ण भरलेली कॅरॅव्हॅन सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन तोलणे हा एकच खात्रीचा मार्ग आहे. अंदाज जवळजवळ नेहमीच कमी निघतो.

विद्युत मोटारींच्या बाबतीत तिसरी फसगत संभवते. बॅटरीमुळे या मोटारी जड असतात, त्यामुळे ८५ टक्क्यांचे गणित सहज जमते. पण ओढण्याची मर्यादा स्वतंत्र असते. अनेक विद्युत मोटारींची ही मर्यादा कमी असते, तर काहींना ओढण्याची परवानगीच नसते. शिवाय कॅरॅव्हॅन जोडल्यावर एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर बरेचदा निम्म्यावर येते आणि पुष्कळ चार्जिंग केंद्रांवर अकरा-बारा मीटरची जोडी उभी करण्याइतकी जागा नसते. मुक्कामांची आखणी त्यानुसार करावी लागते.

नाकावरचा भार

कॅरॅव्हॅनची पुढची दांडी मोटारीच्या गोळ्यावर जो भार टाकते त्याला ‘नोजवेट’ म्हणतात. आपल्या भाषेत ती गाडीच्या धुरजडपणाची मोजणीच. तो भार भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के असावा असा सल्ला दिला जातो. १,३०० किलोच्या कॅरॅव्हॅनसाठी हे ६५ ते ९१ किलो होतात. मात्र मोटार, तिच्या मागचा गोळा आणि कॅरॅव्हॅनची पकड या तिघांपैकी जिची मर्यादा सर्वांत कमी असेल ती ओलांडता येत नाही. मोटारीची मर्यादा ७५ किलो असेल तर ७० ते ७५ किलोंवर थांबावे. हा भार मोटारीच्या डिकीत ठेवलेल्या सामानासारखाच मोजायचा असतो, कारण तो शेवटी मोटारीच्या मागच्या चाकांवरच येतो.

भार फार वाढला तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू व ब्रेक यांची पकड सैल होते. भार कमी झाला तर कॅरॅव्हॅन उलाळ होते आणि झुलू लागते.

तो मोजण्यासाठी खास उपकरण मिळते. न्हाणीघरात ठेवायचा वजनकाटा आणि लाकडाचा ठोकळा यांवरही काम भागते. सपाट जागी चाकांना अडणी लावावी, पकडीखाली ठोकळा उभा करून तो काट्यावर टेकवावा आणि पुढचे लहान चाक वर उचलावे. कॅरॅव्हॅन आडवी आणि ओढताना असते त्याच उंचीवर असावी. काट्यावर दिसेल तो भार.

तो कमी-जास्त करण्याचे गणित तरफेचे आहे. समजा, पकडीपासून आसापर्यंतचे अंतर ४ मीटर आहे. आसाच्या २ मीटर मागे २० किलोची पेटी ठेवली तर नाकावरचा भार १० किलोंनी घटतो. तीच पेटी आसाच्या २ मीटर पुढे ठेवली तर तो १० किलोंनी वाढतो. म्हणजे एका पेटीची जागा बदलल्याने २० किलोंचा फरक पडतो.

येथे एक मोह आवरावा लागतो. मागे जड सामान ठेवले आणि तेवढेच जड सामान पुढेही ठेवले तर नाकावरचा भार बरोबर येतो, काटा खूश होतो. पण गाडी सुरक्षित होत नाही. दोन्ही टोकांना ओझे असलेली कॅरॅव्हॅन एकदा झुलू लागली की थांबता थांबत नाही. वजन आसापासून जितके दूर, तितका त्याचा झुलण्याचा जोर त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आसापासून अर्ध्या मीटरवर असलेली पेटी अडीच मीटरवर नेली तर अंतर पाचपट होते आणि तो जोर पंचवीसपट. म्हणून नियम असा, की जड वस्तू खाली, जमिनीलगत आणि आसाच्या वर किंवा किंचित पुढे ठेवाव्यात. मांडव, खांब, डबाबंद अन्न यांची हीच जागा. मध्यम वजनाच्या वस्तू त्यांच्या दोन्ही बाजूंना. वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि पांघरुणे. मागचा भाग शक्य तितका रिकामा. मागच्या भिंतीला सायकली टांगणे दिसायला सोयीचे. परंतु शक्य तर टाळावे.

निघण्यापूर्वीचा अर्धा तास

कॅरॅव्हॅन वर्षातील बराच काळ उभी असते. त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांवरून तो कोणत्या वर्षी आणि कितव्या आठवड्यात तयार झाला हे कळते. पाच वर्षांनंतर टायर बदलण्याचा विचार करावा आणि सात वर्षांहून जुने टायर वापरू नयेत, असे तेथील जाणकार सांगतात. हवा टायर थंड असताना तपासावी. चाकाचे बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या जोराइतकेच, मोजणी करणाऱ्या पान्याने आवळावेत.

जोडणी करताना पकड गोळ्यावर बसल्याचा आवाज आला एवढ्यावर विसंबू नये. पकडीवरील हिरवी खूण दिसते का ते पाहावे, मग पुढचे लहान चाक खाली फिरवून दांडी वर उचलून पाहावी. मोटारीचा मागचा भाग तिच्याबरोबर उचलला गेला तर जोडणी पक्की. काही पकडींमध्ये हेलकावे रोखण्यासाठी घर्षणाचे पॅड असतात. अशा वेळी गोळ्याला ग्रीस लावू नये, कारण त्याने घर्षणच नाहीसे होते.

त्यानंतर येते ती तुटीची तार. दिसायला क्षुल्लक असलेली ही बारीक पोलादी तार कॅरॅव्हॅनच्या हातब्रेकला जोडलेली असते आणि तिचे दुसरे टोक मोटारीला अडकवायचे असते. चालत्या गाडीत जोडणी सुटलीच तर ही तार ताणली जाते, कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावते आणि मग तुटते. ती फार सैल ठेवून रस्त्यावर घासू देऊ नये आणि वळणावर ताणली जाईल इतकी आखूडही ठेवू नये.

मग विजेची जोडणी आणि सर्व दिव्यांची तपासणी, चारी कोपऱ्यांचे टेकू वर, पुढचे लहान चाक वर आणि घट्ट, गॅस बंद, छताच्या झडपा व खिडक्या बंद, फ्रीजचे दार अडकवलेले, टाक्या रिकाम्या. कॅरॅव्हॅन मोटारीपेक्षा रुंद असल्यास बाहेर निघालेले जादा आरसे लावावे लागतात. मागचे पुरेसे दिसत नसताना गाडी चालविल्यास तेथे १,००० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन गुण अशी शिक्षा होऊ शकते. आणि कोणी कितीही हट्ट केला तरी चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणालाही बसवू नये. मुलाला झोप आली असली तरी त्याची जागा मोटारीत, पट्टा लावून.

रस्त्यावर

पहिला नियम वेगाचा. ताशी ६० मैल ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. ५० वरून ६० वर गेल्यास वेग एक पंचमांशाने वाढतो, पण वाहनातील गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते आणि तेवढीच ब्रेकना जिरवावी लागते. पुढच्या वाहनापासून अंतर त्या हिशेबाने वाढवायला हवे.

वळताना कॅरॅव्हॅनची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा आतून जातात. त्यामुळे कोपऱ्यावर थोडे पुढे जाऊन मग वळावे. नाहीतर कॅरॅव्हॅन पदपथावर चढते. ट्रकला ओलांडताना किंवा ट्रक ओलांडून जात असताना शक्य तेवढे बाजूचे अंतर ठेवावे. उताराला लागण्याआधीच वेग कमी करून खालचा गिअर टाकावा. उताराच्या मध्यावर, वेग वाढल्यानंतर जागे होणे उशिराचे ठरते.

मार्ग निवडतानाही कॅरॅव्हॅनचा विचार आधी करावा लागतो. उत्तर यॉर्कशायरमध्ये थर्स्क ते स्कारबरो या ए-१७० रस्त्यावर सटन बँक नावाचा चढ आहे. तेथे चार मीटरला एक मीटर अशी चढण असून कॅरॅव्हॅनना पूर्ण मनाई आहे. त्यांना वळसा घालून जावे लागते. लेक डिस्ट्रिक्टमधील हार्डनॉट घाट तर तीनास एक इतका खडा आणि अरुंद आहे. मोटारीसाठी बनविलेला दिशादर्शक नकाशा अशा रस्त्यावर बिनदिक्कत नेऊन सोडतो. खाड्यांवरील उंच पुलांवर वारा वाढला की कॅरॅव्हॅनना बंदी केली जाते, हेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

मागे घेणे ही नवख्यांची खरी परीक्षा. मोटार मागे घेताना चाक ज्या बाजूला फिरवितात त्याच्या उलट दिशेला कॅरॅव्हॅन जाते. एक उपाय असा, की हात चाकाच्या खालच्या टोकावर ठेवावा; हात ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला कॅरॅव्हॅन वळू लागते. हळू जावे, एका माणसाने उतरून मागे उभे राहावे आणि बिघडले तर पुढे जाऊन पुन्हा सुरुवात करावी. रिकाम्या मैदानावर अर्धा दिवस घालविला तर मुक्कामाच्या ठिकाणी, साऱ्यांच्या देखत होणारी फजिती टळते.

हेलकावे सुरू झालेच तर

सर्व काळजी घेऊनही हेलकावा सुरू झाला तर काय करावे? ब्रिटनच्या अधिकृत वाहतूक नियमपुस्तिकेचे उत्तर एका वाक्याचे आहे: ॲक्सिलरेटरवरून पाय उचला आणि वेग हळूहळू कमी होऊ द्या. सुकाणू सरळ, शांतपणे धरून ठेवावे.

हे सोपे वाटते, पण मनाविरुद्ध असते. कॅरॅव्हॅन डावीकडे गेली की हात आपोआप चाक फिरवून तिला सावरू पाहतात. पण माणसाच्या प्रतिक्रियेला क्षणाचा उशीर होतो आणि तेवढ्यात कॅरॅव्हॅन परत फिरलेली असते. मग चालकाने दिलेला प्रत्येक झटका झोपाळ्याला तालावर दिलेल्या झोक्यासारखा ठरतो. जोरात ब्रेक दाबणे त्याहून वाईट. मोटार मंदावते, पण तिरपी झालेली कॅरॅव्हॅन मागून ढकलत राहते आणि दोन्ही वाहने चाकूच्या पात्यासारखी मिटतात. वेग वाढवून कॅरॅव्हॅन सरळ खेचावी हा जुना सल्लाही ऐकू येतो; परंतु हेलकावा वाढतो तो वेगामुळेच, हे लक्षात घेतले तर त्यातील धोका कळतो.

आधुनिक कॅरॅव्हॅनमध्ये हेलकावा ओळखून तिचेच ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा बसविता येते. अनेक मोटारींमध्येही अशी सोय असते. ती अवश्य असावी. पण चुकीने भरलेल्या गाडीचे वजन ती बदलू शकत नाही. हेलकावा शमल्यावर पहिल्या सुरक्षित जागी थांबून कारण शोधावे. सामान मागे सरकले आहे का, टायरमधील हवा उतरली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकदा झुललेली गाडी त्याच वेगाला पुन्हा झुलते.

आपल्याकडे

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटले की एकसंध, स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडीच डोळ्यांसमोर येते. पण या धोरणात मोटारीमागे जोडून ओढायच्या प्रकारांचाही समावेश आहे. कोकणात उतरणारे घाट, पावसाळ्यातील वारा आणि शेजारून जाणारे मालट्रक पाहता, ब्रिटनमधील मंडळींनी अनुभवातून शिकलेले हे धडे येथेही उपयोगी पडतील. तेथील वेगमर्यादा आणि परवान्याचे नियम येथे लागू होणार नाहीत. वजनाचे आणि तरफेचे नियम मात्र सगळीकडे तेच असतात.

सहलीला निघालेल्या कुटुंबात घाई असते. मुले मोटारीत जाऊन बसलेली असतात, शेवटच्या क्षणी आठवलेली एक जड पिशवी मागच्या दारातून आत ढकलली जाते आणि दार बंद होते. ती पिशवी उचलून आसाजवळ, जमिनीवर ठेवायला एक मिनिट लागते. पुढच्या उतारावर ट्रकचा लोट कॅरॅव्हॅनवर आदळेल तेव्हा त्या एका मिनिटाचा उपयोग होईल.